तट्टावर मावेल एवढा संसार

कुठलंही भांडं हातात आलं की अक्का आधी ते उलटं करायची, बुडावर बोटाच्या पेरानं दोन टिचक्या मारायची आणि विचारायची, "ह्येचं काम काय?"

हा प्रश्न भांड्यांपुरता राहिला असता तर आमचे औरादचे दिवस जरा सोपे गेले असते. पण ती तो कुणाबद्दलही विचारी. शाळा तपासायला बिदरहून एक साहेब आले होते. आमच्याकडे जेवले, दुपारभर ओसरीवर शेंगा खात बसले आणि गेले. अक्कानं आमच्या यांना विचारलं, "मास्तर, त्येंचं काम काय?" यांनी बराच विचार करून "तपासणी" असं सांगितलं. "शेंगा तपासल्या व्हय," म्हणाली आणि टरफलं झाडायला लागली.

तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. ते समोर असताना आपण चोरून हसतो आणि मग आपल्याच घराकडं जरा घाबरून बघतो. आमची अक्का तशी होती. ती आमच्याकडे भांडी घासायला यायची.

निजामाचं राज्य जाऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. यांची नेमणूक औरादच्या शाळेत झाली आणि लग्नाला वर्ष व्हायच्या आत मी उदगीरहून तिथं आले. एका बैलगाडीत आम्ही दोघं आणि दुसरीत माझ्या रुखवताची भांडी. भांड्यांची गाडी जड, म्हणून ती मागं पडली. ती गल्लीत शिरली तेव्हा बघायला जितकी माणसं जमली, तितकी आम्हाला बघायला जमली नव्हती.

घर दीड खोलीचं होतं. त्यातली अर्धी खोली स्वयंपाकाची. तिथं मी बसले तर भांड्यांना जागा नाही आणि भांडी मांडली तर मला नाही. वर्षभर आम्ही, म्हणजे मी आणि भांडी, आळीपाळीनं तिथं राहिलो.

अक्काचं वय चाळिशीच्या पुढचं. उंच, हाडापेरानं मोठी, दोन्ही हातांवर हिरवं गोंदण. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात ती आणि एक मुलगी. जात धनगराची, पण मेंढरं कधीच संपली होती. ती मोरीच्या दगडावर बसून राखेनं भांडी घासायची. स्वयंपाकघरात पाऊल टाकायची नाही. बायका सांगायच्या, इथं तशीच रीत आहे. मीही ती रीत न विचारता पाळत होते, हे कबूल केलेलं बरं.

दिवाळीच्या आधी मी सगळी भांडी बाहेर काढली. अंगण भरलं. अक्कानं चिंचेचा कोळ घेतला, मांडी ठोकून बसली आणि पहिलंच भांडं उलटं केलं.

"ह्येचं काम काय?"

"सोऱ्या आहे तो. शेव पाडायचा."

"कदी पाडलाव?"

"अजून नाही पाडली."

"आन् ह्ये?"

"तोही सोऱ्याच. आत्यानं दिलेला."

"दोन सोऱ्ये," ती म्हणाली. "शेव मातर एक बी न्हाई."

मग तिचं लक्ष भांड्यांच्या कडेवर गेलं. "ही टिंबं कशाची पाडलाव?"

"माझं नाव आहे. माहेरचं."

"कामून?"

"हरवू नये. कुणी उचलून नेऊ नये म्हणून."

हे ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. अक्कानं त्यांच्याकडं एकदा नीट पाहिलं. "मग मास्तरावर बी घालून घ्या," म्हणाली.

पुढचे दोन दिवस ती आली की यांना शाळेत काहीतरी काम निघायचं.

त्या दुपारी घासता घासता तिनं आपलं लहानपण सांगितलं. पाऊस सरला की तिचा बाप मेंढरं घेऊन तेलंगणाच्या अंगाला जायचा आणि होळीनंतर परतायचा. घर म्हणजे एक तट्टू. त्याच्या पाठीवर तवा, पीठ मळायची लाकडी काटवट, एक भगुनं, पळी, विळा, लोटा, घोंगड्या आणि सगळ्यांच्या वर ती स्वतः. "भांडं घ्यायचं झालं तर बाप आदी तट्टाकडं बगायचा. तट्टानं मान हलिवली की भांडं परत." मसाला कशावर वाटायचा, असं मी विचारलं. तिला माझी कीव आली असावी. "दगडावर. दगड काय, सगळीकडं हाय."

मग तिनं मला एक युक्ती सांगितली. सगळी भांडी पेटीत भरा. रांधायला बसल्यावर जे लागेल तेवढंच काढा, आणि काढलेलं परत आत टाकू नका. महिन्यानं बघू बाहेर काय काय आलंय ते.

मी तसं केलं. गंमत म्हणून नव्हे. त्या अर्ध्या खोलीत बसून माझी पाठ धरली होती.

पहिल्याच दिवशी तवा आला, दोन भगुनी आली, पळी आली, विळी आली, काटवट आली. पाटा-वरवंटा पेटीत मावतच नव्हता, तो आपोआप पास झाला. परात काढायला गेले तर अक्का उंबऱ्याबाहेरून म्हणाली, "काटवट हाय न्हवं? दोगींचं काम एकच. एकीला झोपू द्या." परात झोपली. उलथण्यावरून मात्र आमचं वाजलं. तिचं म्हणणं, भाकरी उलटायला बोटं असतात. मी माझ्या बोटावरचा फोड दाखवला. तिनं फोड पाहिला, स्वतःची बोटं पाहिली. त्यांना काही वाटण्याचे दिवस कधीच गेले होते. "बरं, उलतनं घ्या," म्हणाली. तेवढा एक सामना मी जिंकले.

दुसरा सामना पोळपाट-लाटण्याचा. यांना आठवड्यातून एकदा तरी पोळी लागे. अक्कानं मला काही म्हटलं नाही. पण घासून झाल्यावर तिनं लाटणं इतर भांड्यांपासून चार बोटं दूर ठेवलं, ते मी औरादला असेपर्यंत तसंच दूर राहिलं.

महिना झाला. बाहेर आलेली सगळी भांडी एका फळीवर बसत होती. सोऱ्ये, मोठी घागर, कळशी, पंचपात्रं, तबकं, डब्यात डबे, ही सगळी मंडळी पेटीत होती आणि त्यांच्यावाचून आम्ही उपाशी राहिलो नव्हतो. त्या दिवशी मी माझ्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा पाय पसरून बसले. पेटी ओसरीवर सरकवली, वर वाकळ टाकली, तिची बैठक झाली.

गल्लीतल्या बायकांनी मला सावध केलं. घासायला नको म्हणून तिनं तुला ही भुरळ घातली, म्हणाल्या. मी अक्काला तसं सांगितलं. तिला राग आला नाही. "व्हय," म्हणाली, "त्ये बी हायच."

तिची मुलगी तेव्हा सोळा-सतरा वर्षांची असेल. आईसारखीच उंच, पण बोलायला कमी. कधीमधी आईबरोबर यायची, ओसरीवरच्या त्या पेटीवर बसायची आणि वाकळ हळूच बाजूला करून कुलपाकडं बघायची. तिचं लग्न भालकीकडच्या एका घरात ठरलं. मुलगा शेतावर मजुरी करणारा, सरळ. भांड्यांचं त्यांनी काही मागितलं नव्हतं. आपण काय देणार हे अक्कानं आमच्या अंगणात, घासता घासता, जाहीर केलं. तवा, काटवट, भगुनं, पळी, लोटा.

मुलगी म्हणाली, "मला परात पायजे. घागर पायजे. पितळंची."

"तट्टावर मावंल तितकंच घ्यावं माणसानं."

"तट्टू कुठाय, माय?"

मुलगी काही भांडायला उभी राहिली नव्हती. खाली बघून, सावकाश बोलत होती.

"निजाम गेला त्या गडबडीच्या साली आपुन गठुडं बांधलो आन् रातोरात गाव सोडलो. शेजारचे न्हाई निगाले. त्येंच्या घरात रांजन व्हते, कणग्या व्हत्या. ते इतकं सोडून कसं निगतील? मग गावानं त्येंला राखलं. थोड्या दिसानं निवळलं, ते तितंच हायत. आपल्याला कुनी थांब म्हनलं न्हाई, माय. आपलं घर हलकं व्हतं. मला जड घर पायजे."

अक्काच्या हातातलं भगुनं तसंच राहिलं. राखेचं पाणी तिच्या कोपरापर्यंत ओघळलं, तरी तिनं ते पुसलं नाही. मी आत निघून गेले, कारण तिथं उभं राहून माझं काही काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळं घासून झाल्यावर ती पेटीजवळ येऊन उभी राहिली. "मास्तरीनबाई, मांडायपुरतं द्या. लगीन झालं की दुसऱ्या दिवशी घासून आनून दिते."

मी लगेच हो म्हटलं. तुम्हाला वाटेल, मी मोठ्या मनाची होते. कुलूप काढेपर्यंत मलाही तसंच वाटत होतं. आईनं दिलेली घागर उचलली आणि एकदम वाटलं, हिला पोचे येतील. म्हणून आधी एक तबक दिलं, मग एक सोऱ्या दिला. अक्का हात पुढं करून उभी होती. ती सोऱ्यासाठी आलेली नाही हे मलाही कळत होतं. शेवटी घागर दिली, परात दिली, कळशी दिली. तिनं प्रत्येक भांडं हातात तोललं. टिचकी एकालाही मारली नाही.

कडेवरचं नाव तांबटाकडून खरवडून घ्यावं, असं यांनी सुचवलं. मुलगी नको म्हणाली. तिला वाचता येत नव्हतं. "टिंबं चांगली दिसायलीत," म्हणाली.

लग्न अक्काच्या झोपडीपुढच्या मोकळ्या जागेत लागलं. भांडी चिंचेनं घासून उन्हात मांडली होती, बघवत नव्हतं इतकी चमकत होती. मुलगी अक्षता पडताना नवऱ्याकडं कमी आणि घागरीकडं जास्त बघत होती.

नवऱ्या मुलाचा एक मामा होता. त्या मंडळींत वाचता येणारा तो एकटाच, त्यामुळं दिसेल ते वाचायची त्याला हौस. त्यानं परात उचलली, कड डोळ्याजवळ नेली आणि एकेक अक्षर जोडत माझं माहेरचं नाव मांडवात मोठ्यानं वाचलं. मग कळशीवरचं वाचलं. मग घागरीवरचं. तिन्हीकडं तेच.

"ही कोन?" त्यानं विचारलं. "मागून आनून मांडलाव व्हय भांडी?"

सगळ्यांना उत्तरं देणारी अक्का तोंडावर पदर धरून उभी होती. मुलीची मान इतकी खाली गेली की मुंडावळ्या मांडीला लागल्या.

मी उठले. असं काही करायचं मी ठरवलं नव्हतं. "ते माझं नाव आहे," मी म्हणाले. "मी मुलीची मावशी. भाचीला दिलेली भांडी आहेत."

मामानं माझ्याकडं पाहिलं, माझ्या लुगड्याकडं पाहिलं, अक्काकडं पाहिलं. हे नातं खरं असू शकत नाही हे त्याला दिसत होतं. पण मास्तरांची बायको भर मांडवात बोलली होती. तो म्हणाला, "तसं तसं," आणि परात दोन्ही हातांनी जागेवर ठेवली. माझ्या शेजारी बसलेले हे अगदी हळू म्हणाले, "म्हणजे परत येणार नाहीत." तोवर माझ्या ते लक्षातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अक्का आली ती रागावूनच. "मी मांडायपुरतं म्हनलेव."

"माहीत आहे."

"पोरगी आता जलमभर चिंच घासत बसंल."

"बसू दे."

तिनं राख ओढून घेतली. पहिलं भगुनं घासून झाल्यावर म्हणाली, "भांडी गाडीत चढवाया दोगं लागले." हे सांगताना तिचं तोंड भिंतीकडं होतं.

त्या दिवशी घासलेली भांडी तिनं उंबऱ्याबाहेर ठेवली नाहीत. सरळ आत आली, फळीवर लावली आणि चुलीपुढं बसली. मी तिला बोलावलं नव्हतं. पण नात्यातली माणसं बोलावण्याची वाट बघत नाहीत. मी चहा टाकला. तो तिनं बशीत ओतून, मोठा आवाज करत प्याला आणि साखर कमी आहे म्हणून सांगितलं. पुढं रोज सांगत राहिली.

मग काही वर्षांनी भाषांवरून राज्य मोडलं. औराद म्हैसूरकडं गेलं, निलंगा मुंबईकडं, आणि यांची बदली निलंग्याला झाली. मी अक्काला सांगितलं, औराद आता दुसऱ्या राज्यात गेलंय. "कुठं गेलंय?" ती म्हणाली. "हितंच तर हाय."

आम्ही निघालो त्या सकाळी ती निरोपाला आली नाही. समोरच्या घरात एक शिंपी नवीन राहायला आला होता, तिथं तिनं काम धरलं होतं. मी रस्ता ओलांडून गेले. ती मोरीवर बसून तवा घासत होती.

"हात खरकटे हायत," ती वर न बघता म्हणाली. "जावा. ऊन व्हईल."

मी तिच्याजवळ दगडावर टेकले. ती थोडी सरकली. गाडीवानानं दोनदा हाक मारली, मग यांनी मारली, तेव्हा उठले.

गाडी वळणावर आली आणि मी मागं पाहिलं. खरकटे हात अंगापासून लांब धरून अक्का रस्त्याच्या मधोमध उभी होती. समोरून बाजाराची गाडी आली, गाडीवान ओरडला, तरी ती हलली नाही. शेवटी त्यानंच बैल वळवून तिच्या बाजूनं गाडी काढली.