गटारीच्या रश्श्यात गेलेली नस

मेंदूच्या शस्त्रक्रिया शिकत होते तेव्हाची गोष्ट. मेंदूतली नस चोंदली की कानशिलावरची नस तिला जोडायची, तीही केसाहून बारीक नायलॉनच्या धाग्यानं. नस काडेपेटीतल्या काडीहून नाजूक. टाके होईपर्यंत चिमुकल्या चिमट्यानं रक्त अडवलेलं असतं, म्हणून रेंगाळायची सोय नाही. हात बसावा म्हणून आम्ही कोंबडीच्या पंखातल्या नसा शिवायचो. माझा जोड दर वेळी गळायचा. सर म्हणाले, "मंगळवारी न गळणारा जोड दाखव, तरच ऑपरेशनला सुई हातात देईन."

रविवारी गटारी, म्हणून किन्हवलीला घरी आले. आईकडून एक पंख मागून घेतला आणि डोळ्यांना भिंगं चढवून खिडकीशी बसले.

"डॉक्टरीणबाई कोंबडीला बरं करतायत वाटतं!" बहिणीचा नवरा म्हणाला.

हसा म्हटलं. टाके झाल्यावर नसेत हळदीचं पाणी सोडलं. एक थेंब गळला नाही! पंख ताटलीत झाकून ठेवला आणि शेजारच्या काकूकडे मिरवायला गेले, ती जेवायच्या वेळेलाच परतले.

ताटली रिकामी. "हळद लावलेली दिसली, मला वाटलं ऱ्हायला चुकून. टाकला रश्श्यात," आई म्हणाली. जावईबापूंनी तो केव्हाच चाटूनपुसून खाल्ला होता. वर म्हणतात कसे, "शिलाई झकास होती हां!" सगळं घर खो खो हसलं आणि मला रडू फुटलं. उद्यापासून श्रावण. परसात कोंबड्यांचं खुराडं होतं, पण आमच्या घरात श्रावणात अंडंसुद्धा शिजत नाही, आईचे सोमवार तर भलतेच कडक. गावातली कोंबडीची दुकानंही बंद राहणार होती.

"पंखासाठी एवढं रडतात काय गो?" आईनं विचारलं.

"तो जोड माणसाच्या डोक्यात गळला तर माणूस जातो, आई."

ती ताटं उचलायला लागली.

सोमवारी सकाळी अंघोळ करून तिनं शंकराला बेल वाहिला आणि खुराड्याकडे गेली. परतली ती ताटलीत दोन पंख घेऊन.

"आई, अगं सोमवार आहे! उपास आहे तुझा!"

"ठाव हाय मला. देवाला काय सांगायचं ते मी सांगन," ताटली माझ्यापुढे सरकवत ती म्हणाली. "पण तू ज्याचं डोकं उघडशील, त्याची आय दाराबाहेर बसलेली असंल. तिला काय सांगशील? शीव आता."