टाचणीआत्याचा पडदा

गल्लीभर तिला टाचणीआत्या म्हणत. शिवताना तोंडात चार टाचण्या धरायची सवय, त्यामुळे बोलणं 'हूं हूं' एवढंच. बिनलग्नाची, भावाच्या घरात राहिलेली बाई, त्यात तोंड मिटलेलं. घरच्यांना आणखी काय हवं! गिऱ्हाइकं चेष्टा करत, "हिचं तोंडच टाचून टाकलंय कुणीतरी." ती हसण्यावारी न्यायची, पण ते खरंच होतं.

घर भारी देवभोळं. रोज संध्याकाळी प्रार्थना. पुरुष पुढे, बायका पडद्यामागे. मागून आवाज काढायचा नाही आणि प्रार्थना संपेपर्यंत पडद्याला कुणी हात लावायचा नाही. का, म्हणून विचारायची सोय नव्हती. वाडवडिलांपासून चालत आलंय म्हटलं की विषय मिटला. आत्या लहानपणी पुढे बसून खणखणीत गायची. वयात आली आणि मागे गेली. पुन्हा तो आवाज कुणी ऐकला नाही.

आता भाचीवर तीच वेळ आली होती. वहिनीने जाड कापड आणून मशीनवर टाकलं.

"वन्सं, जुना पडदा विरलाय. उद्यापासून चिमणीही मागे बसेल. चांगला दुहेरी शिवा."

वहिनी गेल्यावर चिमणी हळूच म्हणाली, "आत्या, नको ना शिवूस. मी आता कधीच गायचं नाही का गं?"

आत्याच्या तोंडात टाचण्या होत्या. तिने त्यांचाच आडोसा घेतला आणि मुकाट्याने पडदा शिवला. स्वतःच्या हातांची तिला एवढी चीड कधी आली नव्हती.

दुसऱ्या संध्याकाळी भावाने प्रार्थना सुरू केली. मागे चिमणी ओठ घट्ट मिटून बसली होती, डोळे तेवढे वाहत होते. पुढची ओळ यायच्या आत आत्याने तोंड उघडलं. आवाज गंजलेल्या कात्रीसारखा निघाला, पण निघाला.

पुढचे सगळे एकदम गप्प झाले.

"कोण आहे ते? बंद करा!" भाऊ ओरडत पडद्यापर्यंत आला आणि तिथेच अडला. आत ओळी चालूच होत्या, मग पडद्याला हात लावणार कसा? वाडवडिलांनी त्यालाही बांधून ठेवलं होतं. पडद्याखाली त्याची पावलं नुसती चुळबुळत राहिली.

चिमणीने ते बरोबर हेरलं. आत्याचा हात धरून तिनेही सूर लावला. वहिनीची पाचावर धारण बसली. ती डोळे वटारून, तोंडावर बोट ठेवून दोघींना दटावत होती. ओळी संपल्या की पडदा बाजूला होणार आणि या घरात आत्याला थारा उरणार नाही, हे तिघींनाही ठाऊक होतं.

शेवटची ओळ आली. आत्याला धाप लागली, चिमणीचा सूर तुटायला लागला. पडद्याखालची पावलं पुढे सरसावली.

वहिनीने नवऱ्याच्या पावलांकडे पाहिलं, मग लेकीकडे. तोंडावरचं बोट तिने खाली घेतलं आणि घोगऱ्या, सवय नसलेल्या आवाजात पहिली ओळ पुन्हा सुरू केली.