दाजींची आठ वर्षं

लोकांचे फॉर्म भरून द्यायची मला लई हौस. हसनाबादच्या शाळेत मास्तर झालो, तसा कुणाचाही कागद दिसला की माझा पेन बाहेर. गावात आधारचा कँप आल्ता, तेव्हा दाजींचा, म्हणजे थोरल्या बहिणीच्या मालकांचा फॉर्मही मीच भरला. त्यांच्यापाशी ना जन्माचा दाखला, ना शाळेचा. म्हणलं, "दाजी, आठ वर्षं वाढवून टाकू. म्हातारपणी सरकारचा निराधाराचा पगार जल्दी सुरू व्हईल." ते नको नको म्हणले. पण मी कुठला ऐकतोय! अक्कल उतू चालल्ती ना.

दाजी जालन्यात सळईच्या कारखान्यात भट्टीवर होते. मंदी आली, मालकानं एक भट्टी बंद केली, न् पंचावन्नच्या वरच्या सगळ्यांना घरी बसवलं. दाजी खरे पन्नाशीचे. कार्डावर अठ्ठावन्न.

ते माझ्याकडं आले. "गुरुजी, कुठं तरी चिटकव. लेकीचं कॉलेज चालू हाय." वयाचा विषय त्यांनी काढलाच न्हाई.

दुसऱ्या दिवशी त्यांना मोटारसायकलवर नवीन जालन्यात नेलं. तिथं बियाण्याच्या गोदामात माझ्या ओळखीचे मुकादम होते. दाजींनी कुणी न सांगता पोतं खांद्यावर घेतलं, थप्पीवर नेऊन टाकलं. धापसुद्धा लागली न्हाई. मुकादम खूष. मंग त्यांनी कार्ड पाहिलं.

"अठ्ठावन्न? हा माणूस? कोणत्या शहाण्यानं लिहिलं हे?" मंग स्वतःच म्हणले, "ज्यानं लिहिलं त्यानं चूक झाली म्हणून लिहून सही करून द्यावी. मी साहेबांना बोलतो, काम होऊन जाईल."

एक सही. पण माझी सरकारी नोकरी. खोटं वय मी घातलं म्हणून लिहून दिलं, न् कुणी तो कागद वर नेला तर?

"कँपवाल्याची चूक," मी म्हणलो. "तो आता कुठं सापडायचा?"

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. मंग मुकादमाला म्हणले, "हौ. अनोळखीच होता."

थू माझ्या मास्तरकीवर!

दाजी आता रोज सकाळी मजुरांच्या नाक्यावर उभे राहतेत. काम मिळतं, न्हाई मिळत. मी गेलो की ताई ताट वाढते न् त्या कँपवाल्याच्या सात पिढ्या उद्धरते. मी खाली मान घालून भाकर मोडत राहतो.

"जाऊ दे ना," दाजी तिला म्हणतेत. "त्यानं भल्यासाठीच केलं असल."