दस्तगीरची काडेपेटी

अर्धी उघडी काडेपेटी जमिनीवर उभी ठेवायची आणि फोर्कलिफ्टचा लोखंडी फोर्क वरून उतरवत तिचा खण अलगद आत ढकलायचा. पेटी चेपली तर हरला. दस्तगीर कधी हरला नाही. खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाली, चाकांखालची लिंबं चिरडली, की आमच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये सगळे त्याच्याच खेळाची वाट बघत. पेटी मिटली की तो टोपी मागे सरकवून म्हणायचा, "गाडी न्हवं ही, हात हाय माजा."

सांगलीजवळच्या त्या कोल्ड स्टोअरेजचा मी मॅनेजर होतो. बेदाण्याचे बॉक्स छतापर्यंत रचलेले असत, आणि मधल्या अरुंद बोळातून दस्तगीर मान न वळवता गाडी मागे घ्यायचा. ते पाहून मी हुरळून जायचो. कोणी व्यापारी आला की चहाच्या आधी त्याला दस्तगीरची काडेपेटी दाखवायचो.

पुण्याहून दरवर्षी एक जण ऑपरेटरांना सुरक्षेचे धडे द्यायला यायचा. नव्या पोरांना मी त्याच्यासमोर बसवायचो आणि दस्तगीरला ट्रक भरायला पाठवायचो. एकदा दस्तगीरनेच विचारलं, मीपण जाऊन बसू का. मी म्हणालो, तुला काय शिकवणार तो? दस्तगीर खूश झाला. मीही. पुढे एकदा वळणावर त्याच्या गाडीवरचे काही बॉक्स घसरून पडले. "शिंकली जरा," तो गाडीकडे बोट दाखवून म्हणाला. सगळे हसले, त्यात मीही होतो. नवा पोरगा असता तर त्याच क्षणी त्याला गाडीवरून खाली उतरवलं असतं.

वरच्या थरातले बॉक्स सरळ करायला मारुती नावाचा हमाल रिकाम्या पॅलेटवर, बॉक्स ठेवायच्या लाकडी फळीवर, उभा राहायचा आणि दस्तगीर त्याला फोर्कवरून वर चढवायचा. असं करायचं नसतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. पण शिडी आणण्यात वेळ जायचा, आणि लिव्हरवर हात दस्तगीरचा होता. मारुती वरून ओरडायचा, "भाई, इमान जरा खाली घ्या, देव दिसाय लागलं." दस्तगीर खालून म्हणायचा, "इचार त्यास्नी, माजं नाव लिवलंय का तितं."

त्या दिवशी तासगावचे दोन व्यापारी आले होते. मारुती वर होता. मला तो दिसत होता. तरी मी दारातून हाक मारली, "दस्तगीर, पाहुण्यांना जरा काडेपेटी दाखव की."

तो हसत माझ्याकडे वळला. लिव्हरवरचा हात काढायचा राहून गेला, वळताना लिव्हरही ओढला गेला. फोर्क पुढे झुकला आणि पॅलेटसकट मारुती खाली आला.

मिरजेच्या डॉक्टरांनी त्याला जगवलं, पण कमरेखाली तो पुन्हा हलला नाही. चौकशीत सगळे म्हणाले, जुना माणूस, बेफिकीर झाला होता. मीही मान हलवली. हाक कुणी मारली, हे कुणी विचारलं नाही. दस्तगीरने सांगितलं नाही.

त्याची नोकरी गेली. तो पुन्हा कुठल्याच गाडीवर बसला नाही, भावाच्या फळांच्या हातगाडीवर उभा राहू लागला. शुक्रवारची नमाज झाली की मारुतीच्या घरी जाऊन त्याची दाढी करून द्यायचा. एकदा मी तिथे गेलो. त्याने मारुतीची हनुवटी डाव्या हातात धरली, वस्तरा उचलला आणि म्हणाला, "आता कुनी बोलू नगा." मारुतीच्या बायकोने आतून चहाला विचारलं, त्याने ओ दिली नाही. दाढी पुरी झाली, वस्तरा पुसून मिटला, मग म्हणाला, "व्हय, वैनी."

मारुती म्हणाला, "बघा सायेब, आता कसा जपतोय." तो चेष्टेत बोलला की कसा, मला कळलं नाही.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "दस्तगीर, हाक मी मारली होती."

तो सायकलचं कुलूप काढत होता. "आवं सायेब, हाक कुनीबी मारंल. म्या वळायचं न्हवतं." सायकल थोडी पुढे नेऊन थांबला. "तुमी बोलीवलं की बरं वाटायचं, येवढंच."

दस्तगीर गेल्या वर्षी गेला. मी आता साताऱ्याला मुलीकडे असतो, पण यंदा खंडेनवमीला मुद्दाम त्या कोल्ड स्टोअरेजमध्ये गेलो. मालकांसमोर, नव्या ऑपरेटरांसमोर हे सगळं सांगितलं, माझी हाकसुद्धा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एका तरुण ऑपरेटरने विचारलं, "म्हंजी काका, काडेपेटीवालं दस्तगीरभाई खरंच हुतं?" त्याच्या चेहऱ्यावर नुसतं कौतुक होतं. कुणीतरी मला खुर्ची आणून दिली, कुणी फरशीवर काडेपेटी उभी केली, आणि तो पोरगा गाडीवर चढला. मी नको नको म्हणत उठलो. त्यांना वाटलं, जुन्या आठवणीने मला भरून आलंय. खांद्याला धरून त्यांनी मला पुन्हा बसवलं.

फोर्क उतरला. पेटी चेपली नाही. टाळ्या पडल्या. गाडी अजून चालूच होती, आणि लिव्हरवरचा हात न काढता तो तरुण मान वळवून, हसत, माझ्याकडे बघत होता.