दोन रिकाम्या मात्रा

हे मी आजवर कुणापाशी बोललेली नाही. आईपाशीसुद्धा नाही. तुम्हाला सांगायला घेतलंय खरं — पण आधी अक्कांबद्दल बोलते. माझ्याबद्दल बोलायला जीभ अजून वळत नाही.

अण्णा नगरला आमच्याच गल्लीत अक्का मुलांना गाणं शिकवतात. तंजावरकडच्या मराठी घरातल्या. मराठी जुन्या वळणाची, मधेमधे तमिळ; मला लाडानं 'कन्ना' म्हणतात. माझे बाबा सांगलीहून इकडे तमिळ मुलखात, इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यात आले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली — संगीत घेऊन बी.ए. करते. अक्कांचा हात थरथरतो. म्हणून त्यांनी बांधलेलं वहीत लिहून ठेवायचं काम माझं.

गेल्या वर्षी त्यांनी अगदी नवख्या मुलांसाठी एक गाणं बांधलं. आठ मात्रांची ओळ, स्वर चारच. सात वर्षांच्या कमलीला पुढ्यात बसवून तिच्याकडून एकेक ओळ म्हणवून घेत होत्या. मला वाटलं, तिचा सूर ऐकतायत. नाही — त्या तिचे खांदे बघत होत्या. दम घ्यायला खांदे वर गेले, की ओळ तिथून मागे घ्यायच्या, पुन्हा बसवायच्या. शेवटी प्रत्येक ओळीतल्या अखेरच्या दोन मात्रा रिकाम्या राहिल्या.

"तिथं काय लिहू, अक्का?"

"काही नको, कन्ना. तिथं लेकरू श्वास घेईल. श्वासालाही स्वर लावतेस का?"

दुसऱ्या दिवशी पाच मुलं ते गायली. ओळ संपली, आवाज थांबले, तालाचे हात मात्र चालूच — एक टाळी, एक उलटा तळहात — आणि पाचही जण एकदम पुढच्या ओळीवर उतरले. कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या अंगावर काटा आला. चार स्वरांत एवढं मावतं? लहान मुलाच्या छातीचं माप कुणी असं गाण्यात घेतं? एवढं मोठं काही मी त्याआधी जवळून पाहिलं नव्हतं. हे मला कळलं होतं, हे लक्षात ठेवा. न कळून मी काही केलेलं नाही.

वही मी कॉलेजात नेली. मैत्रिणीला दाखवली — तिच्या घरी तीन पिढ्यांचं गाणं. ती हसली. "एवढंच? अर्धं पान तर मोकळंच आहे! लिहायला जमलं नाही का तुला?"

मी काय सांगायला हवं होतं? अक्कांचं वाक्य तर तोंडपाठ होतं. पण मी म्हणाले, "अजून पुरं उतरवायचंय." आणि घरी येऊन त्या रिकाम्या मात्रांत स्वर भरले. माझे. पान कसं भरगच्च दिसलं! त्याच्याच झेरॉक्स मुलांना वाटल्या.

मुलं अडखळली. कमलीला दम पुरेना. अक्कांनी कागद डोळ्यांजवळ धरला, ओळीच्या शेवटच्या दोन मात्रांवर बोट ठेवलं.

"मी असं बांधलं होतं?"

"हो, अक्का. असंच."

तीन शब्द. मागे घ्यायला अख्खी दुपार होती.

त्या हसल्या. "बघ गं, डोकं माझं — जास्त आंबलेलं इडलीचं पीठ." मग माझ्यासमोर बसून स्वतःचंच गाणं त्या माझ्या कागदावरून शिकल्या. चुकल्या की "अय्यो" म्हणून पुन्हा पहिल्यापासून.

पुढची गाणीही बांधायची होती त्यांना. एकही बांधलं नाही. "ज्याला आपलंच आठवत नाही, त्यानं नवं बांधू नये," एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्या पायाशी बसून ऐकलं.

आता नवीन मूल आलं आणि एखादी जागा विचारली, की अक्का माझ्याकडे बोट करतात. "मला नको विचारू, राजा. हिला विचार. हिच्या वहीत असेल तेच खरं."

आणि मी वही उघडून दाखवते.