आपल्या पायांनी

आई वीटभट्टीवर डोक्यावरून विटा वाहायची. त्या कमाईवर मी आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले, पण तिचे गुडघे गेले. एसटीची पायरी चढवेना, तसं तिचं माहेरही सुटलं.

मला नोकरी लागली, तशी मी आईला घेऊन गाडी बघायला गेले. शोरूममध्ये एकाच कंपनीच्या, आम्हाला परवडणाऱ्या दोन एसयूव्ही होत्या. माझा जीव उंच गाडीवर. मी आणि सेल्समननं धरून आईला तीत चढवलं.

"मावशी, वरून रस्ता कसा झकास दिसतो बघा!"

"दिसंल बाबा, पण उतरवायला तू येणार का माझ्या माहेराला?"

शेजारच्या बुटक्या गाडीत ती एकटीच बसली, उतरली, हसून पुन्हा बसली. आपल्या पायांनी चढण्यात केवढा मान असतो, हे मला पदवी घ्यायला मंचावर चढताना कळलं होतं. तो मान मला तिनंच दिलेला.

आम्ही बुटकी गाडी घेतली. गेल्या रविवारी आई माहेरी जाऊन आली.