साहेबांना अर्धंच सांगितलं

आमच्या कानडी मुलखात मंडल पंचायती आल्या तेव्हा बायकांसाठी जागा राखून ठेवायचा नियमही आला, आणि आमच्या घरातल्या पुरुषांनी एका संध्याकाळी माझ्या नावाचा अर्ज भरून टाकला. मला विचारलं ते सही करायच्या वेळी. निवडून आल्यावर पहिल्याच बैठकीत प्रधानांनी, म्हणजे पंचायतीच्या मुख्यांनी, कामं वाटली. रस्ते, विहिरी, दिवे पुरुषांकडे गेले. शाळा आणि बालवाडी यांच्यावर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे आलं, कारण लेकरांचं बायकांना कळतं, असं प्रधान म्हणाले. मला त्यांचा रागच आला. पण त्या रागाच्या भरात मी ते काम असं अंगावर घेतलं, की पुढे शाळेचे मास्तर मला लांबून बघूनच विडी विझवायला लागले.

खरं सांगायचं तर त्या दराऱ्याची मला चटक लागली होती. सातवीचा निकाल घसरला तेव्हा मी भर बैठकीत मास्तरांना विचारलं, की गणिताचा तास कुठल्या झाडाखाली झोपून घेता. बालवाडीतला उप्पिटाचा रवा चाळून त्यातले किडे कागदावर घेतले आणि प्रधानांच्या चहाच्या कपाशेजारी नेऊन ठेवले. संतपूरच्या बाजाराला गेलं की ओळखीपाळखीचे म्हणायचे, अक्का, तुमच्या गावात म्हणे आता लेकरं शिकायला लागलीत. मी वरवर नको नको म्हणायची आणि आतून फुगायची.

बालवाडी आमच्याच घराच्या ओसरीवर भरायची. सासऱ्यांनी ती जागा फुकट दिली होती आणि आल्यागेल्याला ते सांगतही असत. आमचं घर गळ्यात लिंग घालणारं. माणसामाणसात भेद नाही हे मी सासऱ्यांच्या तोंडून जितक्या वेळा ऐकलं, तितकं माहेरी कधी ऐकलं नव्हतं. पण बौद्ध वस्तीतून येणारी लेकरं ओसरीवर चढत नसत. ती खालच्या दगडी पायरीवर बसत. बालवाडीची बाई वरून पळी तिरपी करून त्यांच्या ताटलीत उप्पीट सोडायची. चढू नका असं त्यांना कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही, कारण म्हणायची गरजच पडत नव्हती. मी बाहेरून रवा तपासायला येताना त्याच पायरीवरून चढायची, लेकरांना जरा सरका म्हणून. हे लिहिताना आजही कान तापतात.

त्यातल्या एका चार वर्षांच्या मुलीची आई आमच्या शेतात तुरीच्या कापणीला यायची. वयानं माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, बोलायला कमी. एका पावसाळ्यात तालुक्याचे साहेब बालवाडीचा आणि शाळेचा आढावा घ्यायला आले, तेव्हा ती पंचायतीच्या दारात येऊन उभी राहिली. साहेब म्हैसूरकडचे, मराठी एक अक्षर येत नव्हतं. शाळा-बालवाडीचा विषय निघाला की त्यांचं कानडी आणि गावाची मराठी यांच्यामध्ये मीच असायची. मला दोन्ही सारखंच येतं, सासरच्या घरात दोन्ही बोलतात. त्या दिवशी साहेबांच्या खुर्चीशेजारी प्रधान, आणि प्रधानांशेजारी माझे सासरे बसले होते.

ती आत आली आणि साहेबांकडे बघून मराठीत बोलायला लागली.

"सायेब, माजी लेक पायरीवर बसायलीय. बाकीची लेकरं वर बसायलेत. तिच्या ताटलीत वरून टाकायलेत. पाऊस आला की ती भिजायलीय, वरची लेकरं बघायलेत. कामून? तिला बी वर बसवा. मला दुसरं काय बी नगं."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. सासरेही बघत होते. ते रागावले नव्हते. सुनेला सगळं कळतं अशा भरवशानं बघत होते. मी कानडीत सांगितलं, की जागा अपुरी पडते, काही लेकरांना बाहेर बसावं लागतं, पावसात ती भिजतात, त्यांची काहीतरी सोय करावी असं ही म्हणते आहे.

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. घरी जाताना मी स्वतःला हेच बजावत होते. सगळं सांगितलं असतं तर साहेबांसमोर सासऱ्यांचा पाणउतारा झाला असता, त्यांनी रागानं ओसरी काढून घेतली असती, मग सगळ्याच लेकरांची बालवाडी गेली असती. मनाशी बोलताना मला असे मुद्दे फार चांगले सुचतात. सासऱ्यांपुढे वाकायचं की खरं बोलायचं अशी वेळ आली आणि मी वाकले, एवढं साधं ते होतं.

साहेब मनानं चांगले होते. वस्तीतली बाई स्वतः लेकरासाठी बोलायला आली याचं त्यांना कौतुक वाटलं. त्यांनी तिथल्या तिथं पावसाच्या आडोशाला पत्रे मंजूर केले. ती हात जोडून निघून गेली. महिना झाला नसेल, ओसरीच्या बाहेर, पायरीला लागून चार खांब उभे राहिले आणि वर नवे कोरे पत्रे चढले. खाली फरशी घातली. मंडल पंचायतीतल्या बाईनं करून आणलेलं पहिलं काम म्हणून प्रधानांनी नारळ माझ्याच हातून फोडायला लावला. मी फोडला. मग वस्तीतल्या लेकरांना बालवाडीच्या बाईनं पायरीवरून उठवून पत्र्याखाली ओळीनं बसवलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आतापर्यंत ती लेकरं नुसती बाहेर बसत होती. आता बाहेरची जागा सरकारनं त्यांच्यासाठी बांधून दिली होती, आणि ती मी मागून आणली होती. टाळ्या वाजत असताना हे मला कळलं.

लोक पांगल्यावर मुलीची आई माझ्याजवळ आली.

"अक्का, तुमी त्या दिशी सायेबाला काय सांगितलाव ते मला कळलंय. मला कानडी येतंय."

आमच्या भागात मोडकंतोडकं का होईना, कानडी न येणारं माणूस शोधून सापडत नाही, हे मला कळायला नको होतं का?

"मग तवाच कामून बोलली न्हाईस?" मी उलट तिलाच विचारलं. चूक माझी आणि जाब तिला, माझा स्वभावच तसा.

"माजं कानडी रानातलं. सायेबापुढं नीट जमतंय का न्हाई म्हणून तुमच्यावर सोडलं. तुमी आधी पावसाचं सांगितलाव. मला वाटलं, दमानं सांगायलाव. आधी पावसाचं, मग वर बसवायचं." ती पत्र्याकडे बघत होती. "मी वाट बघत उभी व्हते. तुमी तितंच थांबलाव."

ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. भांडायला मी कुणाला हार जात नाही.

पुढच्या आढाव्याला मी सगळं सांगायचं ठरवून गेले. साहेब बदलून गेले होते, नवे आले होते. मी त्यांना कानडीत स्वच्छ सांगितलं, की वस्तीतल्या लेकरांना आमच्या ओसरीवर घेत नाहीत, आणि हे चुकीचं आहे. सासरे उठून बाहेर गेले. नवे साहेब जरा गोंधळले आणि म्हणाले, त्यांच्यासाठी पत्रे तुम्हीच मागितले होते ना? आता ती भिजत नाहीत, जेवण मिळतं, हजेरीही वाढली आहे, मग तक्रार कसली? प्रधान हसले. पुढचा विषय सातवीच्या निकालाचा होता, आणि निकाल त्या वर्षी चांगला लागला होता.

त्या रात्री सासऱ्यांनी फक्त एवढंच म्हटलं, "जागा माझी, लेकरं गावाची, आणि शानपना सुनेचा." मी ताट झाकून ठेवलं आणि चूल सारवायला घेतली.

सकाळी बालवाडी भरल्यावर मी पत्र्याखाली गेले, त्या मुलीचा हात धरला आणि तिला पायऱ्या चढवून ओसरीवर आणलं. बालवाडीची बाई हातातली पळी तशीच धरून माझ्या सासूकडे बघायला लागली. सासू देवळीतल्या दिव्याची काजळी पुसत राहिली. मी मुलीला दुसऱ्या दोन पोरींच्या मध्ये बसवलं. त्या सरकल्या. मी म्हटलं, बस इथं, आजपासून तुझी जागा हीच.

ती बसली नाही. आपली ताटली पोटाशी धरून उभी राहिली. तिला वाटलं असावं, तिचं काहीतरी चुकलंय म्हणून मी तिला तिकडून उठवून आणलंय.

"मी पत्र्याखालची हाय," ती म्हणाली. "मला तितं जाऊ द्या."

सगळी ओसरी आमच्याकडे बघत होती. तिनं हात ओढला, आणि मी तो सोडला. ती एकेक पायरी बसत बसत उतरली आणि आपल्या जागेवर जाऊन ताटली पुढे धरून बसली. मी तिला पुन्हा उचलून आणायला हवं होतं, दुसऱ्या दिवशी आणायला हवं होतं, रोज आणायला हवं होतं. मी आत जाऊन रवा चाळायला बसले.